मोरीचा उतार

सातपूरच्या आमच्या घरात मोरीचा उतार उलटा होता. सांडलेलं पाणी जाळीकडे जायच्या ऐवजी आतल्या कोपऱ्यात साचायचं. रोज सकाळी भांडी घासून झाली की आई ते खराट्याने जाळीकडे ओढत आणायची. चौदा वर्षं तिने हे केलं. अण्णांनी ऑफिसात अर्ज दिले, त्यांच्या पोच घेतलेल्या नकला अजून पत्र्याच्या पेटीत आहेत. कुणी आलं नाही. घर सरकारचं आणि आम्ही भाडेकरू. स्वतःच फरशी उखडावी, तर ती सरकारी फरशी.

मग घर आमच्या नावावर झालं. कागद हातात आले त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी अण्णांनी मिस्त्री आणला, दोन-चार घमेली माल कालवला, आणि दुपारच्या जेवणाआधी उतार सरळ झाला. माल वाळल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने मुद्दाम बादलीभर पाणी ओतलं. ते धावत जाळीकडे गेलं. आम्ही चौघं दाराशी उभं राहून बघत होतो. मी तेव्हा दहावीत होते. पुढे बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर मी वीस वर्षं काढली, ‘मालकी हक्क’ हे शब्द हजारदा लिहिले. पण ते शब्द आले की मला अजून ती बादलीच आठवते.

हे आज सांगायचं कारण म्हणजे त्या घराचं काय करायचं, हा प्रश्न माझ्या आणि भावाच्या पुढ्यात आहे. अण्णा गेले, मागच्या वर्षी आईही गेली. दादा पुण्याला असतो. घराचं भाडं, कागद, डागडुजी सगळं मी बघते. आजूबाजूच्या चार घरांना एकत्र घेऊन एक बिल्डर इमारत उभी करायला तयार आहे, आणि त्याने सांगितलेला आकडा ऐकून दादा दोन दिवस झोपला नाही. मीही झोपले नाही, पण माझं कारण वेगळं होतं.

अण्णा सिन्नर तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, मग नाशकात आले आणि सातपूरच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले. १९७६ मध्ये त्यांना वसाहतीत गाळा मिळाला. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी. पगार साडेतीनशेच्या आसपास आणि भाडं एकोणतीस रुपये. गुलाबी कागदावरच्या भाड्याच्या पावत्या त्यांनी दाभणाने ओवून ठेवल्या होत्या. एका माणसाच्या पगारातला जेमतेम बारावा हिस्सा घरावर जायचा. उरलेल्यात चार तोंडं, दोन मुलांची शाळा आणि गावाकडच्या आजीची मनीऑर्डर. मी शिकले ती अण्णांच्या कष्टांवर, हे खरंच. पण ते कष्ट घरभाड्यात वाहून गेले नाहीत, म्हणून शिकले.

अशी घरं आकाशातून पडली नव्हती. औद्योगिक कामगारांना माफक भाड्याने घरं द्यायची म्हणून केंद्र सरकारने १९५२ साली अनुदानित योजना आणली. राज्याराज्यांच्या गृहनिर्माण मंडळांनी कारखान्यांच्या आसऱ्याने चाळीवजा वसाहती उभ्या केल्या. मुंबईचं गृहनिर्माण मंडळ त्याआधीच, १९४८ मध्ये सुरू झालं होतं, आणि १९७७ पासून राज्यातला हा सगळा कारभार म्हाडाकडे आला. विचार साधा होता. कारखाना हवा तर कामगार हवा, आणि कामगार हवा तर त्याला भाकरीइतकंच छप्पर हवं. आज आलेला उद्या सावरेल, आपलं घर करेल, आणि त्याचा गाळा नव्याने आलेल्याला मिळेल.

तसं झालं नाही. कारण सावरलेला माणूस गाळा सोडत नाही. का सोडावा? बाहेर दुसरं घर त्याच्या आवाक्यात नसतं. तिकडे भाडं वर्षानुवर्षं तेवढंच राहतं, थकबाकी वाढते, छतं गळायला लागतात, आणि दुरुस्तीचा खर्च जमा भाड्याच्या कितीतरी पट होतो. असं घर सरकारला ओझं वाटू लागतं. त्यावर सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे राहणाऱ्यालाच विकून टाकणं. राहणारा खूश, सरकार दुरुस्तीतून मोकळं, आणि मतं मिळतात ती वेगळीच. आमच्याकडून जी किंमत घेतली ती तेव्हाच्या खाजगी घराच्या निम्मीही नव्हती. हप्ते पाडून दिले. अण्णांनी बोनस घातला, आईने दोन बांगड्या मोडल्या. आम्हाला ते फुकट मिळालं असं कुणी म्हटलं तर मला राग येईल. पण ते स्वस्त मिळालं, आणि तो स्वस्तपणा कुणाच्या तरी खिशातून आला होता, हे बँकेत बसून हिशेब करायला शिकल्यावर मला नाकारता येईना.

कुणाच्या खिशातून?

पहिला खिसा आमच्या भिंतीपलीकडच्या काकूंचा. त्या गाळ्यात अकरा वर्षं राहत होत्या, पण कागदावर त्यांचं नाव नव्हतं. मूळ गाळेधारक नोकरी सोडून गावाकडे गेला होता आणि काकू त्याच्या पोटभाडेकरू होत्या. तो दर महिन्याला येऊन सरकारी भाड्याच्या तिपटीने पैसे घेऊन जायचा. काकूंचे यजमान तिसऱ्या पाळीला जायचे, काकू वाल निवडून द्यायच्या, पापड लाटायच्या. घरं नावावर करून द्यायची ठरली तेव्हा तो माणूस पेढ्यांचा पुडा आणि वाटपपत्र घेऊन हजर झाला. नियमाने घर त्याचंच होतं. महिनाभरात काकूंचा संसार हातगाडीवरून नासर्डीच्या काठच्या झोपडपट्टीत गेला. आईने त्यांना आमचा जुना पाट दिला, तो का दिला ते मला तेव्हा कळलं नव्हतं. २००८ च्या पुरात नासर्डीचं पाणी त्यांच्या पोटमाळ्यापर्यंत चढलं. ज्याला छप्पर हवं होतं तो बाहेर गेला आणि ज्याचं नाव होतं त्याने दोन वर्षांत ते विकलं. सरकारने दिलेली सवलत अशी तिसऱ्याच्याच हातात गेली.

म्हणून मला वाटतं, विकण्याच्या निर्णयातला पहिला प्रश्न किमतीचा नसतोच. ‘राहणारा’ कोण, हा असतो. कागदावर असलेला की चुलीपुढे बसलेला? आमच्या वसाहतीत कागद जवळजवळ सगळे पुरुषांच्या नावे होते. नवरा गेल्यावर वारसनोंदीसाठी खेटे घालणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्या, आणि मोठेपणी बँकेत हक्कसोड पत्रावर सही करायला आणलेल्या त्यांच्या मुली. घर सार्वजनिक होतं तोवर त्यात वाटा मागायचा प्रश्न नव्हता. ते मालमत्ता झालं आणि घराघरांत बहिणींना माहेर सोडून द्यायची वेळ आली. दादाने मला असं काही सुचवलंसुद्धा नाही, हे मी इथे मुद्दाम लिहिते.

दुसरा खिसा जरा लांबचा आहे. दादाचा मुलगा लंडनला नोकरी करतो. गेल्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर त्याने खोली फिरवून दाखवली. विटांची जुनी सात मजली इमारत, लांबलचक कॉमन गॅलरी, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. मी म्हटलं, अरे, ही तर आपली चाळच. तो म्हणाला, “आत्या, ही मूळची कौन्सिलचीच, म्हणजे इथल्या पालिकेची. माझ्या घरमालकाने कुणाकडून तरी विकत घेतलीय.” आणि मग त्याने भाडं सांगितलं. त्याच्या पगाराचा निम्मा भाग.

त्यावर मी त्याला विचारत गेले आणि स्वतःही वाचत गेले. ब्रिटनमध्ये १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने कौन्सिलच्या भाडेकरूंना राहतं घर विकत घ्यायचा हक्क दिला. तीन वर्षं राहिलेल्याला ३३ टक्के सूट, आणि जितकी जास्त वर्षं तितकी सूट जास्त, ५० टक्क्यांपर्यंत. कामगार कुटुंबांच्या हातात पहिल्यांदाच मालमत्ता आली, लोकांनी दारं रंगवली, खिडक्या बदलल्या. आमच्या मोरीसारखंच. एकट्या इंग्लंडात आजवर वीस लाखांच्या आसपास घरं अशी विकली गेली. पण विक्रीचे पैसे नव्या घरांवर मोकळेपणाने खर्च करायची मुभा कौन्सिलांना नव्हती, त्यामुळे गेलेल्या घराच्या जागी घर आलं नाही. विकलेल्या फ्लॅटांपैकी बरेच पुढे खाजगी मालकांकडे गेले आणि भाड्याने लागले. काही ठिकाणी तर बेघर कुटुंबांना ठेवायला कौन्सिलच आपलीच जुनी घरं मालकांकडून चढ्या भाड्याने घेते. स्कॉटलंडने २०१६ मध्ये हा हक्क बंद केला, वेल्सने २०१९ मध्ये. इंग्लंडने तो ठेवला, पण २०२४ च्या शेवटी सूट बरीच कमी केली.

अण्णांचा नातू. आजोबांना सरकारी घर स्वस्तात मिळालं म्हणून ज्याचं घराणं उभं राहिलं, तो दुसऱ्या देशात तसल्याच एका विकून टाकलेल्या सरकारी घराचं भाडं भरतोय. त्याला हे सांगितलं तर तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “आणि सातपूरच्या आपल्या घरात कोण राहतं?”

सातपूरच्या घरात तीन मुलं राहतात. तिघंही सुरगाण्याकडची, अंबडच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे कामाला. प्रत्येकाच्या हातात महिन्याला चौदा हजारांच्या आतबाहेर पडतात. मी भाडं घेते साडेसहा हजार. इथल्या दराने ते कमीच आहे, एजंट मला दर वर्षी तसं ऐकवतो. पण पेटीतली गुलाबी पावती आणि हा आकडा शेजारी ठेवून बघितला की पोटात कालवतं. अण्णांनी एका पगारात बायको-पोरांसह त्या दोन खोल्यांत राहून बाराव्या हिश्श्याने भाडं दिलं. या मुलांपैकी एकाचं लग्न झालंय, तीन वर्षांची मुलगी आहे. बायको-मुलीला घेऊन तो तिथे राहायचं म्हणेल, तर जवळजवळ निम्मा पगार मला द्यावा लागेल. म्हणून बायको-मुलगी गावाला आणि तो इथे.

त्याला बँकेने कर्ज द्यावं? त्याचा अर्ज माझ्याच टेबलावर आला असता तर मला तो परत करावा लागला असता. ठेकेदार दर काही महिन्यांनी खंड दाखवतो, पगाराची पावती देतो न देतो. आपल्याकडे गरिबांसाठी म्हणून जे काही चाललंय ते बहुतेक सगळं विकायचं घर आहे. प्रधानमंत्री आवास योजना २०१५ ची. त्याआधी, २०१३ पासून, दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत ४,००० चौरस मीटरहून मोठ्या प्रकल्पात २० टक्के घरं किंवा भूखंड दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवायचा नियम आहे. नाशकात ती घरं म्हाडाकडे पोचतात की नाही यावरून २०२२ मध्ये विधिमंडळापर्यंत गदारोळ झाला. पण पोचली तरी ती सोडतीने विकायचीच. कर्ज मिळणाऱ्यालाच सोडतीचा उपयोग. भाड्याने राहून आधी पाय टेकवायचा आहे, त्याच्यासाठी त्यात खोली नाही.

मे २०२० मध्ये हे सगळ्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. मुंबई-आग्रा हायवेवर नाशकातल्या पाथर्डी फाट्यापासून द्वारका चौकापर्यंत गावाकडे निघालेल्या माणसांची रांग, डोक्यावर बोचकी, खांद्यावर पोरं. आम्ही काही जणींनी पोळ्या आणि लोणचं वाटलं. त्यांतला एक जण अंबडलाच काम करत होता. काम थांबलं, खोलीमालकाने भाडं मागितलं, म्हणून निघाला होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी केंद्राने स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली आणि सरकारी निधीतून बांधून रिकामी पडलेली घरं त्यासाठी वापरायचं ठरवलं. म्हणजे भाड्याचं सरकारी घर लागतं, हे सरकारलाही पुन्हा आठवलं. आधीची विकली नसती तर, असा विचार तेव्हा मनात आला, आणि लगेच आईचा खराटाही आठवला.

कारण मी विक्रीच्या विरोधात नाही. कशी असेन? नगरपालिकांच्या सफाई कामगारांचंच बघा. चाळीतली खोली नोकरीसोबत मिळते आणि नोकरीसोबत जाते. त्यामुळे बाप निवृत्त झाला की खोली वाचवायला मुलगा झाडू हातात घेतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी वारसाला नोकरी मिळाली, ती गरजेचीच होती, पण घराचा दोर त्याच कामाला बांधलेला राहिला. श्रमसाफल्य योजनेत २५ वर्षं सेवा झालेल्या सफाई कामगाराला मालकीचं घर द्यायचं आहे, ते मला शंभर टक्के न्याय्य वाटतं. तिथे मालकी पुढच्या पिढीला जातीच्या कामातून सोडवते. पिढ्यान्‌पिढ्या शहराने त्यांच्याकडून घेतलंय, त्यापुढे एक घर काहीच नाही.

पण मुंबईच्या बीडीडी चाळींतल्या पोलिसांचं ऐकून मी अडखळले. ब्रिटिशांनी बांधलेल्या १६० चौरस फुटांच्या त्या खोल्यांच्या जागी आता टॉवर होतायत. भाडेकरूंना ५०० चौरस फुटांचं घर मोफत आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ जणांना चाव्या मिळाल्या. सेवानिवासस्थान म्हणून तिथे राहिलेल्या पोलिसांसाठी आधी ५० लाखांचा आकडा होता, तो २०२२ मध्ये १५ लाखांवर आला. आयुष्यभर बंदोबस्तात उभ्या राहिलेल्या हवालदाराला मुंबईत घर मिळावं, यात वावगं काय आहे? पण ते घर त्याच्या नावावर झालं की पुढच्या भरतीत नांदगावहून, येवल्याहून येणारा पोरगा ड्युटी संपवून झोपायला कुठे जाणार? त्याच्यासाठी तेवढीच खोली दुसरीकडे उभी राहत असेल तर माझी तक्रार नाही. माझी अट एवढीच. एक विकलं तर एक बांधा, विक्रीचे पैसे त्याच कामाला बांधून ठेवा. आणि विकलेलं घर पाच-दहा वर्षांत बाजारात जाणार असेल तर पहिला हक्क सरकारचा ठेवा. सिंगापूर आपली सरकारी घरं ९९ वर्षांच्या लीजवर विकतं, घेतल्यावर साधारण पाच वर्षं तिथे राहावंच लागतं, आणि मुख्य म्हणजे ते बांधायचं थांबलेलं नाही.

लीजचं नाव काढलं की नाशकातल्या सिडको वसाहतीतले आमचे नातेवाईक माझ्यावर चिडतात, कारण त्यांची घरंही लीजवरच दिलेली. पवननगरला राहणारा मावसभाऊ म्हणतो, “ताई, आम्ही पूर्ण पैसे मोजलेत, मग हस्तांतराला दर वेळी परवानगी आणि शुल्क कशाला?” त्याचं बरोबर आहे. सिडकोची घरं भाड्याची नव्हती, लोकांनी ती हप्त्यांनी विकत घेतली. पण त्या घरांखालची जमीन मोरवाडी, कामटवाड्याच्या शेतकऱ्यांकडून सार्वजनिक प्रयोजन म्हणून घेतलेली. माझ्या एका मैत्रिणीच्या सासऱ्यांची बागायत त्यात गेली. ते शेवटपर्यंत त्रिमूर्ती चौकात उभे राहून ‘इथे आमची विहीर होती’ म्हणून दाखवायचे. सार्वजनिक म्हणून घेतलेलं खाजगी होतं, तेव्हा त्या विहिरीचंही देणं कुणीतरी मांडायला हवं. मावसभावाला हे पटत नाही. पटावं असा आग्रहही धरता येत नाही, कारण मीही शेवटी घरमालकीणच आहे.

गेल्या रविवारी भाड्याचा कागद करायला सातपूरला गेले. अकरा महिने संपले होते. दार उघडंच होतं. सुरगाण्याचा तो मुलगा मोरीत उकिडवा बसून फरशीच्या फटीत पांढरं सिमेंट भरत होता. अण्णांच्या मिस्त्रीने लावलेली फरशी आता पस्तीस वर्षांची झाली, कोपरा पुन्हा खचलाय, पाणी पुन्हा आत वळतंय.

“सांगायचं नाही का मला?” मी म्हटलं.

“तुम्ही भाडं कमी घेता ताई, म्हणून म्हटलं आम्हीच करू.” हात धुऊन तो ओट्यावर आला. बाकीचे दोघं कामावर होते. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून मग म्हणाला, “जूनपासून पोरीला इथल्या अंगणवाडीत घालायचं म्हणतोय. हे दोघं दुसरीकडे बघतील. पण एकट्याला साडेसहा नाही जमणार. आणि अकरा महिन्यांचा कागद असला की बायको म्हणते, सामान आणायचं कशाला? तीन वर्षांचा करता येतो का?”

करता येतो. नोंदणीला त्याची अडचण काहीच नाही, मी अशी कितीतरी बघितलीयत. भाडं किती जमेल, हे मी त्याला विचारलं. त्याने आकडा सांगितला, तो मी माझ्या डायरीत अण्णांच्या एकोणतीस रुपयांच्या खाली लिहिला. मग ओट्यावर बसूनच दादाला फोन लावला. बिल्डर तीन वर्षं थांबेल का, असं तो पहिल्यांदा विचारणार हे मला माहीत होतं. नसेल थांबत तर माझ्या अर्ध्या हिश्श्याला नको, हे मी ठरवून ठेवलं होतं. फोनची रिंग जात होती आणि आत मुलाने मोरीत तांब्याभर पाणी ओतल्याचा आवाज आला.